पडद्यावरचं वजा

माझा धंदा सांगितला की लोक दोन प्रश्न विचारतात. एक, "म्हणजे टायपिंगच ना?" आणि दुसरा, "ते तर आता सगळे स्वतःच करतात ना?" पहिल्याला मी हो म्हणते. दुसऱ्याला म्हणते, मग करा. अपूर्णांकाच्या आत वर्गमूळ, वर्गमुळाच्या आत घात, त्या घाताच्या पायाशी आणखी एक बारका आकडा, आणि हे सगळं ओळ न फुटता बसवून दाखवा. संध्याकाळपर्यंत पान झालेलं नसेल आणि घरात कुणी तुमच्याशी बोलत नसेल.

नवऱ्याच्या नोकरीपायी नागपूर सोडून बंगळूरला आले तेव्हा प्रबंध टाइप करण्याचा दहा वर्षांचा सराव माझ्या हातात होता आणि त्या सरावाचा ताठाही होता. गणित मला कळत नाही. बारावीला मी काठावर पास झाले. पण समोरच्या कागदावर असेल ते तसंच्या तसं उतरवणं मला जमतं, आणि न कळणाऱ्यालाच ते नीट जमतं असं माझं मत होतं. कळणारा माणूस मध्येच स्वतःचं डोकं चालवतो. जे. पी. नगरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून मी कॉलेजांच्या प्रश्नपत्रिका, प्रबंध, असलं काम घेऊ लागले. नवीन माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवायचे, "मी माझ्या मनाचं एक चिन्ह घालत नाही आणि तुमचं एक गाळत नाही." आज हे वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

ते ऐकून मनापासून खूश झालेला एकच माणूस मला भेटला. बनशंकरीत राहणारे, भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक सर. वय शहात्तर. त्यांचं घराणं तीन-चार पिढ्यांपासून इथलंच, घरात मराठी, पण बोलता बोलता त्यात कन्नड कधी मिसळायचं ते त्यांनाही कळत नसे. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी मला अक्का म्हणायचे. त्यांची मुलगी त्यांच्याजवळच राहायची, लग्न केलेलं नव्हतं, रोज ऑफिसला जायची. तिला मीही अक्का म्हणायचे. त्या घरात सगळ्या अक्काच होत्या.

सरांना कॉलेजच्या मुलांसाठी गतिशास्त्राचं एक पुस्तक लिहायचं होतं. पुस्तक इंग्रजीत, पण सूचना मराठीत. "चाळीस वर्षं फळ्यावर लिहिलं आणि पुसलं," ते म्हणाले, "आता एकदा न पुसता लिहितो." त्यांच्याकडे जुन्या उत्तरपत्रिकांचा ढीग होता. त्यांच्या कोऱ्या पाठीवर निळ्या शाईने ते एकेक प्रकरण लिहायचे. मी पंधरा दिवसांनी जाऊन ते आणायचे, टाइप करायचे आणि छापील प्रत नेऊन द्यायचे. लिहिलेले कागद मात्र परत नको असायचे. पहिल्या वेळी मी ते नीट टाचून नेले तर हसले. "हे कशाला आणलंत? रद्दीत घाला की. मी काय लिहिलंय ते मला ठाऊक आहे." आणि खरंच, ताडून बघायला त्यांना मूळ कागद लागायचाच नाही. पेन्सिल घेऊन छापील पान डोक्यातल्या पानाशी ताडायचे. चुकलं तिथे गोल. दुरुस्त्या मात्र एकदम शेवटी करायच्या, असा त्यांचा नियम होता. गोल केलेल्या प्रती त्यांच्या टेबलावर साठत जायच्या.

पहिल्या दोन प्रकरणांत गोल नव्हते. माझा ताठा आणखी वाढला.

त्याच सुमाराला एकदा त्यांनी थोरल्या भावाची हकीकत सांगितली. भाऊ इंजिनिअर होता, बोलायला पटाईत. शेवटची सहा वर्षं स्वतःच्या घरात पाहुण्यासारखा वागत होता, बाथरूमला जायलासुद्धा परवानगी मागायचा. "सुरू कसं झालं ठाऊक आहे? बोलताना शब्द गळायला लागले. मोठे नव्हे, बारके. 'पण' गळायचं, 'नाही' गळायचं. 'मी येणार नाही' म्हणायचं असायचं, तर 'मी येणार' म्हणायचा आणि बसून राहायचा. आम्ही हसलो होतो." हे सांगताना त्यांनी पेन्सिलीचं टोक बोटाने तपासलं आणि विषय बदलला. त्यांना कशाची भीती आहे हे मला त्या दिवशी स्पष्ट कळलं. म्हणजे पुढे जे झालं ते मला ठाऊक नसताना झालं, असं मला म्हणता येत नाही.

तिसऱ्या प्रकरणाची प्रत हातात घेऊन ते माझी वाटच बघत होते. एका ओळीवर पेन्सिलीचा गोल होता आणि गोलाच्या आत काही नव्हतं. दोन अक्षरांमधल्या रिकाम्या जागेभोवती त्यांनी गोल केला होता.

"अक्का, इथे वजा हवं की. दुसरा वेग वजा पहिला वेग. हे बघा, वजा नाही म्हटल्यावर गुणाकार झाला. दोन वेगांचा गुणाकार! पहिल्या वर्षाचा पोरगासुद्धा हसेल."

त्यांनी माझ्यावर आळ घेतला नव्हता. नुसतं दाखवलं होतं. पण माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, "सर, कागदावर असेल तेच मी उतरवते. माझ्या मनाचं मी काही गाळत नाही."

"म्हणजे मीच लिहिलं नाही?"

कागद रद्दीत गेलेला होता. मी 'बघते' म्हणू शकले असते. घरी जाऊन फाइल उघडली असती तर पाच मिनिटांत सगळं कळलं असतं. मी म्हणाले, "राहिलं असेल सर. होतं असं."

"सरी," ते कन्नडमध्ये 'ठीक' म्हणाले, आणि त्यांनी त्या रिकाम्या गोलावरून पेन्सिल पुन्हा एकदा फिरवली.

मग प्रत्येक प्रकरणात असे थोडे गोल निघत गेले. चौथ्यात दोन, पाचव्यात एक, सहाव्यात तीन. कुठे अंतरांची वजाबाकी नाहीशी, कुठे वेगांची. बाकी पान स्वच्छ. सगळीकडे वजा नाहीसं झालं असतं तर यंत्राचा संशय आला असता. हे असं तुरळक, शेकड्यांत एखादं, म्हणजे लिहिणाऱ्याच्याच हातून निसटल्यासारखं दिसत होतं. ते आता मला काही विचारीनासे झाले. नुसती प्रत पुढे सरकवायचे. एकदा मुलीने कॉफी आणून ठेवली तेव्हा तिच्याकडे न बघता म्हणाले, "दादाचं 'नाही' गळायचं. माझं वजा गळतंय." ती मला आत बोलावून विचारू लागली, अण्णा खरंच असं लिहितात का? मी म्हटलं, मला जे मिळतं ते मी टाइप करते.

आठवं प्रकरण झालं. नववं, शेवटचं, त्यांनी अर्ध्यावर सोडलं. बारा पानं माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "बस. आता मला मीच तपासायला विश्वासाचा वाटत नाही. एवढं टाइप करा आणि गोल केले आहेत ते दुरुस्त करा."

एका सकाळी घरी कुणी नसताना मी दुरुस्त्यांना बसले. तिसऱ्या प्रकरणाची प्रत डाव्या हाताला ठेवली, फाइल उघडली, गोल केलेली ओळ शोधली आणि वजा घालायला बोट उचललं.

वजा तिथे होतं.

पडद्यावर दुसरा वेग, मग वजा, मग पहिला वेग. कागदावर रिकामा गोल. मला वाटलं, आपणच कधीतरी दुरुस्त करून विसरलो. चौथ्या प्रकरणाची फाइल उघडली. तिथेही वजा होतं. सहाव्यातल्या तिन्ही जागी होतं. मी पुन्हा छापून बघितलं. प्रिंटरमधून गरम कागद आला आणि त्यावर ते नव्हतं. मी देवभोळी बाई नाही, भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पण त्या सकाळी भर उजेडात मी खुर्ची मागे सरकवून उभी राहिले. घरात कुणीतरी माझी थट्टा करतंय असं वाटत होतं आणि मला पाठमोरं बसवेना.

मग कळलं. कसं ते सांगते, कारण माझ्या धंद्यातली बाईच ही चूक करू शकते. मोठी समीकरणं मी इक्वेशन एडिटरच्या चौकटीत करते. पण ओळीतली बारकी चिन्हं, म्हणजे एखाद्या अक्षराच्या पायाशी एक किंवा दोनचा आकडा, त्यासाठी चौकट उघडत बसलं तर दिवस पुरत नाही. तिथे कीबोर्डवरची कंट्रोलची कळ आणि बरोबरचं (=) चिन्ह एकत्र दाबायचं, पायाशी आकडा लिहायचा, पुन्हा तेच दाबून वर ओळीत यायचं. आमचा हात हे न बघता करतो. माझा हात भराभर चालला की कंट्रोलवरचं बोट उठायच्या आत पुढचं वजा दाबलं जायचं. आणि कंट्रोलसकट दाबलेलं वजा हे वजा नसतंच. लांब शब्द ओळीच्या शेवटी तोडायचा झाला तर इथून तोड, अशी ती प्रोग्रामला दिलेली गुप्त खूण असते. मी पडद्यावर सगळ्या लपलेल्या खुणा दिसतील असं बटण कायम चालू ठेवते, जागा कमीजास्त झाली तर कळावं म्हणून. त्यामुळे ती खूण मला दिसायची, आडवी, छोटी, टोकाला किंचित खाली वाकलेली. कागदावर ती कधीच उतरणार नव्हती.

मी बटण बंद केलं. पडद्यावरची वजा गेली. चालू केलं, आली. किती वेळा केलं कोण जाणे.

टाइप करून झालेल्या नवव्या प्रकरणाचे बारा कागद अजून माझ्याकडे होते. त्यात तीन जागी माझ्या हातून तसंच झालेलं होतं. मी उत्तरपत्रिकांच्या पाठी उलगडून बघितल्या. तिन्ही ठिकाणी निळ्या शाईतलं वजा ठळक होतं, एका ठिकाणी तर दोनदा गिरवलेलं. त्या म्हाताऱ्या माणसाने चिन्ह सुटू नये म्हणून ते पुन्हा गिरवलं होतं, आणि मी ते गिळलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी कागद पिशवीत घालून बनशंकरीला गेले. सांगायचं ठरवूनच गेले होते, हे मी शपथेवर सांगते. रिक्षात वाक्य जुळवत होते. सर, चूक माझी. सर, तुम्ही एकही वजा विसरला नाहीत. एवढंच बोलायचं होतं.

दार मुलीने उघडलं. ती रजेवर होती. म्हणाली, काल डॉक्टरकडे नेलं होतं, त्यांनी बरेच प्रश्न विचारले, म्हणाले वयाच्या मानाने उत्तम आहे. "पण अण्णा ऐकत नाहीत हो."

सर खिडकीपाशी बसले होते. मला बघून हसले. "ऐकलंत? मी पास झालो. पण अक्का, मी चाळीस वर्षं पेपर काढलेत. सोपा पेपर कसा काढतात ते मला ठाऊक आहे."

मी म्हणाले, "सर, ती वजाची चूक... ती कदाचित मशीनची असेल."

मशीनची. माझी नव्हे. एवढ्या लांबून येऊन माझ्या तोंडून हे निघालं.

ते किती मायेने हसले! "मशीन वजा विसरत नाही, अक्का. तुम्ही आता माझं मन राखायला बघताय. राखू नका. पहिल्या दिवशी तुम्ही स्पष्ट सांगितलंत ना, कागदावर नव्हतं म्हणून, दुसऱ्या कुणी सांगितलं नसतं. माझ्या भावाला कुणी सांगितलं नाही. मला वेळेवर कळलं ते तुमच्यामुळे."

मुलीने कॉफी आणली. मी ती प्याले. पिशवी मांडीवरच होती. नंतर मी स्वतःला पुष्कळ कारणं दिली, की माझं काम बंद पडलं असतं, की त्यांना धक्का बसला असता. सगळी खोटी. काम बंद पडलं नसतं, आणि त्यांना आनंद झाला असता, त्या वयात कुणाला होत नाही एवढा. खरं कारण इतकंच, की त्यांनी मला खरं बोलणारी बाई ठरवलं होतं आणि ते मला आवडलं होतं.

मी सगळ्या दुरुस्त्या केल्या. गोल नसलेल्या जागाही शोधल्या. पुस्तक आठ प्रकरणांचंच निघालं. प्रस्तावना सरांनी एका कागदावर लिहून दिली आणि ती टाइप करायला माझ्याकडेच आली. शेवटच्या परिच्छेदात होतं की हे लिहिताना लेखकाची स्मरणशक्ती साथ सोडू लागली होती, आणि ज्यांनी त्या काळातल्या त्याच्या चुका प्रामाणिकपणे नजरेस आणल्या त्या टंकलेखिकेचा तो ऋणी आहे. मी ते वाक्य टाइप केलं. कागदावर होतं तसंच, एक अक्षर न गाळता.

पुढे मी त्या घरी जाणं कमी केलं, मग बंद केलं. रविवारी शंका विचारायला येणारी मुलं सरांनी बंद केली असं कानावर आलं. दोन वर्षांनी ते गेले. तापाने, चार दिवसांत. मी भेटायला गेले तेव्हा मुलगी म्हणाली की हॉस्पिटलमध्ये त्यांनी नर्सला सलाइनची बाटली किती उंच लावली तर किती दाब पडतो ते तोंडी हिशेब करून सांगितलं होतं, आणि मग विचारलं होतं, "बरोबर सांगितलं ना? नाही, माझं काही खरं नसतं." सांगताना तिला हसू आलं. शेवटच्या श्वासापर्यंत त्या माणसाचं डोकं शाबूत होतं, आणि ते फक्त त्याला आणि तिला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं.

तेव्हापासून मला कागद नकोसे झाले आहेत. छापून आलेलं पान वाचताना मी अक्षरं बघत नाही, अक्षरांमधल्या मोकळ्या जागा बघते. कोणतीही मोकळी जागा मला संशयास्पद वाटते. भाजीच्या यादीतसुद्धा.

गेल्या महिन्यात सरांची मुलगी माझ्या घरी आली. जयनगरला खरेदीला आले होते, म्हणाली, पण हातात पिशवी नव्हती. बसली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "अहो, एक विचारू? गेल्या आठवड्यात दोनदा दूध उतू गेलं. काल ऑफिसात एका माणसाचं नाव आठवेना, रोज जेवायला शेजारी बसतो तो. आमच्या घरात आहेच ना हे. आधी मोठे काका, मग अण्णा. अण्णांचं तर तुमच्या समोरच सुरू झालं. अगदी पहिल्यांदा कसं दिसलं होतं ते सांगा. मला ओळखायला हवं."

मी उठले. लॅपटॉप उघडला. आकडा घातला, कंट्रोल न सोडता वजा दाबलं, पुढचं अक्षर लिहिलं. पडदा तिच्याकडे वळवला. बटण बंद केलं. चालू केलं. आणि सगळं सांगितलं, पहिल्या गोलापासून कॉफीपर्यंत. बारा कागद कपाटात होते, तेही काढून तिच्यापुढे ठेवले. मध्ये कुठे थांबले नाही. तुम्हाला काही होत नाहीये अक्का, म्हटलं, दूध सगळ्यांचंच उतू जातं. अण्णांना काही झालं नव्हतं.

ती दोनदा गिरवलेल्या त्या वजावर बोट ठेवून बसली होती. ती ओरडेल, रडेल, उठून जाईल, कशालाही मी तयार होते. ती अगदी साध्या आवाजात बोलू लागली.

"डॉक्टर म्हणत होते ठीक आहे. पण अण्णाच म्हणायचे नाही म्हणून. मग मी ऑफिसला जाताना बाहेरून कुलूप लावायला लागले. काका एकदा हरवले होते ना, दोन दिवस. पहिले काही दिवस अण्णा म्हणाले, मला रस्ता पाठ आहे गं, स्वल्प फिरून येतो. मी म्हणायचे, अण्णा, तुम्हाला तसं वाटतं. मग त्यांनी म्हणायचं सोडलं." तिने त्या वजावरचं बोट उचललं. "आमचं दार तेव्हा फुगलेलं होतं. आतून कुणी दाबून धरल्याशिवाय बाहेरची कडी बसायची नाही. तर दोन वर्षं, मी निघाले की अण्णा उठून यायचे आणि आतून दाबून धरायचे."